मराठी मिडियममधून आलोय, आता एम.ए.ची असाइनमेंट नि डिझर्टेशन (लघुप्रबंध) इंग्लिशमध्ये लिहायचंय, मदत कुठं मिळेल?

खानापूर भागातला, दहावीपर्यंत मराठी, आता भुतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठात इकॉनॉमिक्स, आणि वर्गात कुणाला विचारायचं कळेना, असं लिहिलंयस तू. मी पण बेळगावातच शिकलो, वयानं मोठा असेन म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

बाहेरच्या देशात बऱ्याच विद्यापीठांत रायटिंग सेंटर असतं, अपॉइंटमेंट घ्यायची आणि लिहिलेलं दाखवायचं. आपल्याकडं ते काम गाईड, सिनिअर आणि लायब्ररीतली माणसं करतात, फक्त आपणहून कोण येत नाही, तूच गाठायचं. आणि रिकाम्या हातानं जाऊ नको. "सर, मला इंग्लिश जमत नाही" म्हटलं तर सर तरी काय सांगणार, ग्रामर वाच म्हणतील. त्यापेक्षा एक पान लिहून ने, कसंही असूदे, आणि नेमकं विचार, हा मुद्दा आधी घेऊ का नंतर, हे टेबल इथं लागतंय का. पान समोर ठेवलं की बहुतेक सर पेन काढतातच.

पहिला ड्राफ्ट मराठीत केलास तरी काही बिघडत नाही. आपल्याला वाटतं इंग्लिश अडतंय, पण बऱ्याचदा मुद्दाच पक्का झालेला नसतो. समज विषय ऊस आहे, तर कारखान्याचं बिल उशिरा आलं की शेतकरी सोसायटीचं कर्ज कसं भागवतो हे घरच्यांना दोन वाक्यांत सांगता येतंय का बघ, आलं तर मग इंग्लिश जड जात नाही. वाक्यांसाठी मँचेस्टर विद्यापीठाचं अकॅडेमिक फ्रेजबँक नेटवर फुकट आहे. सुरुवात कशी करायची, दुसऱ्याचं मत कसं मांडायचं, निष्कर्ष कसा लिहायचा, सगळ्याची तयार वाक्यरचना तिथं मिळते. शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर आपल्या विषयाचे पीएच.डी.चे प्रबंध उघड, चॅप्टर कसे पाडलेत तेवढं बघ, उचलू नको.

उचलण्याचं म्हणशील तर यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, त्यापुढं शिक्षा वाढत जाते. झेरॉक्सच्या दुकानात रेडीमेड प्रोजेक्ट मिळतात म्हणून सांगणारे भेटतील, नादी लागू नको. चॅटजीपीटीला आपला परिच्छेद देऊन ग्रामर कुठं चुकलं विचारलंस तर ठीक (डिपार्टमेंटला चालतंय का ते आधी विचार), रेफरन्स मात्र मागू नको, नसलेली पुस्तकं पण छातीठोक सांगतं ते. रेफरन्सची यादी ठेवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर टाकून घे, फुकट आहे, आणि पहिल्या दिवसापासनं वापर, शेवटी पुस्तकांची नावं शोधत बसणं म्हणजे नुसती कटकट.

रिसर्च पेपर वाचताना आधी अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश), मग कन्क्लूजन, मग टेबलं. मग बंद करून मराठीत तीन ओळी लिही. खानापूर ते बेळगाव आणि पुढं काकती-होनग्यावरून कॅम्पस, एवढ्या बसमध्ये एक पेपर होतोय आरामात, बसायला जागा मिळाली तर.

आणि सरांना गाठायचं ते सेमिस्टरच्या मध्यावर, सबमिशनच्या आठवड्यात केबिनबाहेर रांग असते.