बायकोला कॅन्सर झालाय, मी तिच्याशी काय बोलू?

हा प्रश्न माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या नवऱ्यांनी इतक्या वेळा विचारलाय की कधीतरी नीट लिहायचं मनात होतंच. कुणी म्हणतं धीर कसा द्यायचा, कुणी म्हणतं ती सारखी चिडते, काय करू, आणि कुणी नुसतंच खुर्चीत बसून पाय हलवत राहतं आणि उठता उठता विचारतं, मॅडम तिच्यासमोर मला रडू आलं तर चालतंय का. सगळ्याच्या मुळाशी एकच असतं, मी एवढं सगळं करतोय तरी तिला बरं का वाटत नाही. भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे, त्यामुळं हा प्रश्न पडलेली घरं कोल्हापुरातही काही कमी नाहीत.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नावं घेत नाही, दादा आणि वहिनी एवढंच म्हणते. दादा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर, वहिनी घरीच ब्लाउज शिवतात, पेठेतल्या बायका लग्नसराईत त्यांच्याकडं महिनाभर आधी नंबर लावतात एवढा हात चांगला. आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली तेव्हा मुलाची दहावी तोंडावर होती, आणि गाठ दुखत नव्हती, म्हणून त्या गप्प बसल्या. दुखत नाही म्हणजे काळजीचं काही नाही हा समज मला फार छळतो, कारण सुरुवातीला ह्या गाठी बऱ्याचदा दुखतच नाहीत, आणि बाई दुखायची वाट बघत बसते.

परीक्षा संपल्यावर सांगितलं, मग धावपळ. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग डॉक्टरांनी सुईनं तुकडा काढून तपासायला सांगितला तर सासूबाई अडून बसल्या की सुई लावली की पसरतंय, लावायची नाही. हे तर मी दर दोन घरांआड ऐकते. तपासणीची सुई लावून कॅन्सर पसरत नाही, उलट तो तुकडा तपासल्याशिवाय कुठल्या प्रकारचा आहे, कुठली औषधं लागू पडणार हे कळतच नाही. दादांनी आईला समजावलं, रिपोर्ट आला, दुसरी स्टेज. गाठीचा आकार आणि जागा बघून पूर्ण स्तन काढायचं ठरलं, काखेतल्या गाठी पण काढल्या, आणि पुढं केमो, रेडिएशन, मग गोळ्या.

दादा माझ्याकडं पहिल्यांदा आले ते एकटे, ऑपरेशन होऊन काही आठवडे झाले होते, केमो चालू झाली होती. हातात ही एवढी जाड फाईल, प्रत्येक रिपोर्ट प्लास्टिकच्या कव्हरात, तारखेप्रमाणं लावलेला. ऑपरेशननंतर जखमेतनं पाणी काढणारी नळी असते, तिला बाटली लावलेली असते, त्यातलं पाणी रोज मोजून लिहायचं असतं आणि दिवसाचं तीसेक मिलीच्या खाली आलं की साधारण नळी काढतात. दादांनी त्याचं वहीत खातं घातलेलं, सकाळ संध्याकाळ, शाईपेननं. मला म्हणाले, "मॅडम, एक डोस चुकू दिला न्हाई, सुट्ट्या टाकल्या, स्वयंपाकाला बाई लावली, आणि ती माझ्याशी बोलतच न्हाई ओ. माझं काय चुकतंय तेवढं सांगा, मी दुरुस्त करतो."

मी विचारलं, ती रडते का तुमच्यासमोर. तर म्हणाले छे, मी रडूच देत नाही, लगेच सांगतो पॉझिटिव्ह राहायचं, रडलं की प्रतिकारशक्ती कमी होते.

मी त्यांना पुढच्या वेळी वहिनींना घेऊन यायला सांगितलं, आणि त्या आल्यावर आधी त्यांच्याशी एकटीशी बोलले. डोक्याला सुती स्कार्फ, चेहरा उतरलेला. बराच वेळ त्या मुलाच्या ॲडमिशनबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "हे रोज सकाळी उठून विचारायचे, आज पाणी किती आलं. मला कसं वाटतंय ते नाही विचारलं एकदा पण." आणि मग हळूच म्हणाल्या की ऑपरेशन झाल्यापासनं हे बाहेर सोफ्यावर झोपतात. "किळस वाटत असणार त्यांना, मी काय समजत नाही होय."

नंतर दोघांना समोरासमोर बसवलं आणि दादांना विचारलं, बाहेर का झोपता. ते एकदम गोंधळले. म्हणाले, "अहो झोपेत माझा हात लागला तर? टाके होते. मला झोपेत हातपाय झाडायची सवय आहे, तिला म्हाईत हाय की." वहिनी त्यांच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. टाके कधीच निघाले होते, आता जवळ झोपलं तर चालेल का हे दादांनी डॉक्टरांना विचारलं नव्हतं आणि वहिनींनी दादांना. एका घरात, मधे एक दार, आणि दोघं आपापल्या मनानं ठरवून मोकळे.

मला नवऱ्यांना सांगायचं आहे ते हेच. तुम्ही जे करताय ते का करताय हे तोंडानं सांगा. ह्या आजारात बाईचं स्वतःच्या शरीराबद्दलचं मन इतकं हळवं झालेलं असतं की तुमचं गप्प बसणं, बाजूला सरकणं, ड्रेसिंग बदलताना नजर वळवणं, सगळ्याचा अर्थ ती एकच लावते. तुम्हाला वाटतं आपण जपतोय, तिला वाटतं आपण नकोशी झालोय. "तुला लागेल म्हणून मी बाहेर झोपतोय, आत येऊ का," एवढंच वाक्य, पण ते कुणी बोलत नाही कारण आपल्याकडं नवरा बायकोत असलं बोलायची सवयच नसते.

आणि ते पॉझिटिव्ह राहा. कृपा करून हे वाक्य थोडे दिवस बाजूला ठेवा. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणारीला त्यातनं कळतं की माझी भीती ह्यांना बघवत नाही, मग ती भीती घेऊन बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून रडते. वहिनी तसंच करत होत्या. वर त्यांनी मनाशी हेही धरलं होतं की आपण रडलो, वाईट विचार केला तर कॅन्सर परत येईल. असं काही नसतं. रडल्यानं कॅन्सर होत नाही आणि परतही येत नाही. ती म्हणाली मला मरायची भीती वाटते, तर असं काय बोलतेस म्हणून तोंड बंद करू नका. मला पण भीती वाटते, एवढं म्हटलं तरी खूप झालं, आणि मग गप्प बसून हात धरा. डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, तिच्यासमोर रडलेलं चालतं, फक्त तिलाच तुमची समजूत काढत बसायची वेळ येऊ नये, त्यासाठी एखादा मित्र, भाऊ, कुणीतरी बाहेरचं माणूस धरून ठेवा.

आता दादांनी जे खरंच चांगलं केलं तेही सांगते, कारण फाईल लावणं काही वाईट नाही, ती लागतेच. केमोचं पहिलं औषध लाल रंगाचं होतं, त्यानं एखाद दोन दिवस लघवी लालसर होते, नर्सनं ते आधीच सांगितलं होतं आणि दादांनी वहिनींना घरी परत आठवण करून दिली, म्हणून रक्त आलं समजून त्या घाबरल्या नाहीत. थर्मामीटर उशाशी ठेवला. केमोनंतर साधारण आठवडा ते दोन आठवडे पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा ताप 100.4 च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नसते, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात फोन करायचा आणि निघायचं. त्यांच्यावर एकदा ती वेळ आली आणि ते तडक निघाले, म्हणून बरं झालं.

जेवणाचं तर कोल्हापुरात वेगळंच दुखणं आहे. घरात फोडणीला तडतडलेला लसूण आणि कांदा लसूण चटणी, आणि वहिनींचं तोंड आलेलं, तिखटाचा कण सहन होईना आणि फोडणीच्या वासानं उलटी. स्वयंपाकाची बाई म्हणे बिनतिखटाचं मला जमत नाही. मग दादांनी स्वतः मटणाचं आळणी करायला घेतलं, तिखट घालायच्या आधीच वाटीभर बाजूला काढायचं, आलं आणि चिमूटभर हळद, कोमट करून द्यायचं, आणि घरच्यांच्या रश्श्याची फोडणी वहिनी गच्चीत बसल्या असताना टाकायची. अंडं, मुगाचं कढण, ताक भात. येणारे जाणारे सांगत होते साखर बंद करा, मटण अंडी बंद करा, अमुक काढा चालू करा. ह्या काळात शरीराला प्रोटीन आणि ताकद लागते, उपाशी ठेवून कॅन्सर मरत नाही, बाई मात्र खंगते. आणि कुठलाही काढा किंवा चूर्ण केमोच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, काही गोष्टी औषधाच्या कामात लुडबुड करतात.

भेटायला येणाऱ्यांचा विषय मी मुद्दाम लांबवते कारण त्याचा त्रास खरंच फार होतो. आपल्याकडं माणसं मायेची, शहाळी घेऊन येतात आणि बसल्या बसल्या सांगतात आमच्या जावेच्या बहिणीला पण असंच झालं होतं, गेली बिचारी. केस गेलेली बाई त्यांच्यासाठी चहा टाकायला उठते. दादा फौंड्रीत चाळीस माणसं सांभाळतात पण स्वतःच्या मावशीला दारात थांबवायला त्यांची जीभ वळेना. शेवटी आम्ही एक वाक्य ठरवलं, डॉक्टरांनी गर्दी नको म्हटलंय, जंतुसंसर्गाची भीती असते, फोन करून या. ते खोटंही नाही. कुणाला भेटायचं आणि कुणाला नाही हे वहिनी ठरवणार आणि निरोप दादा देणार अशी वाटणी झाली, आणि मला वाटतं वहिनींच्या हातात परत काहीतरी आलं ते तिथनं. तोवर तारखा दादा घ्यायचे, डॉक्टरांशी दादा बोलायचे, खर्च किती ते तर सांगायचेच नाहीत. तिला टेन्शन नको म्हणून. आणि वहिनींनी पाटल्या गुजरीत, सराफांच्या बाजारात, न्यायला पिशवीत काढून ठेवलेल्या, ह्यांना न विचारता. असं सगळं चालतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, योजनेतल्या दवाखान्यात ठरलेले कॅन्सरचे उपचार त्यात बसतात, तिथं आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू व्हायच्या आधीच त्याला गाठा. मुंबईला परळच्या टाटात दाखवायला जायचं असेल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत मिळते, दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं. हे आकडे दोघांनी मिळून मांडले तेव्हा पाटल्या परत कपाटात गेल्या.

केमो संपली, रेडिएशनही झालं, सोमवार ते शुक्रवार रोज जायचं असं तीन आठवडे. केस परत यायला लागले. घरच्यांना वाटलं सुटलो. बऱ्याच बायका नेमक्या तेव्हाच ढासळतात, कारण आत्तापर्यंत धावपळ होती, आता रिकामा वेळ आणि आरसा. वहिनींनी मशीन उघडलं होतं पण मापं घेणं टाळत होत्या, गिऱ्हाईक आलं की जुना ब्लाउज मापाला ठेवून जा म्हणायच्या. आत घालायचा सिलिकॉनचा स्तन मिळतो, जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून वापरायचा, त्याच्या वजनानं दोन्ही खांदे समतोल राहतात, तोवर कापसाचा हलका चालतो. तो बसवायला ब्लाउजला आतनं खिसा लागतो. खिसा तर त्या स्वतःच शिवणार, पण माप? एका रात्री मुलं झोपल्यावर त्यांनी टेप दादांच्या हातात दिली. दादांना टेप कुठनं कुठं धरायची कळेना, वहिनी सांगत गेल्या, काखेतनं घ्या, सैल नको, आता आकडा वाचा. त्या बाजूला टेप सपाट गेली. दादांनी आकडा वाचला, वहिनींनी वहीत लिहिला. ऑपरेशननंतर दादांनी ती जागा नीट बघितली ती तेव्हाच, आणि हे मला सांगताना वहिनींपेक्षा दादाच जास्त बोलत होते.

शरीरसंबंधाचं कुणी विचारत नाही, मी स्वतःच काढते. उपचारांनी बऱ्याचदा पाळी थांबते, कोरडेपणा येतो, इच्छा कमी होते, हे औषधांमुळं होतं आणि त्यावर उपाय असतात, डॉक्टरांना विचारायला लाजू नका. कॅन्सर जवळ आल्यानं लागत नाही. घाई करू नका, पण लांबही राहू नका, डोक्याला तेल लावून दिलं, पाठीवर हात फिरवला, तेवढंही खूप असतं. आणि काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात सुजू शकतो, पुढं कधीही, तेव्हा व्यायाम रोज करून घ्या, जड बादली तिला त्या हातानं उचलू देऊ नका.

वहिनींना आता रोज एक गोळी आहे, निदान 5 वर्षं. तपासणीची तारीख जवळ आली की दोघं एकमेकांवर खेकसतात. आधी त्यांना कळायचं नाही का, आता दोघांपैकी कुणीतरी म्हणतं, तारीख जवळ आली वाटतं.

नवऱ्यांचं स्वतःचं काय हे मात्र राहूनच जातं. दादांचं वजन उतरलं होतं, रात्री तीनला उठून मोबाईलवर वाचत बसायचे, कुणी विचारलं की मी बरा आहे, तिचं बघा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतंय असं असेल तर तुम्हालाही मदत हवीय, आणि ती घेतल्यानं तिच्या वाट्याचं काही कमी होत नाही. जवळ कुणी समुपदेशक नसेल तर सरकारच्या टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 नंबरवर फोन करा, फुकट आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.