पार्किंगमध्ये लेथ बसवून जुन्या बाईकचे पार्ट घरी बनवता येतील का? पहिली मशीन कुठली घ्यावी?

तुमचा प्रश्न असा की रो हाऊसच्या पार्किंगमध्ये दीड लाखात लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापून आकार देणारी मशीन) आणि ड्रिल बसवायचंय, जुन्या बाईकचे पार्ट स्वतः बनवायचेत, शनिवार-रविवार राइडही चुकवायची नाही, तर सुरुवात कुठल्या मशीनने करावी.

कुठल्याच नाही. पहिला महिना चार इंची व्हाइस, दोन कानशी, हॅकसॉ आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) यांवर काढा. माइल्ड स्टीलचा एक तुकडा घ्या आणि गुण्या लावल्यावर फटीतून उजेड दिसेनासा होईपर्यंत घासत बसा. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांच्या हातात आधी कानस देतात ती काही शिक्षा म्हणून नाही. महिन्याभरात कंटाळलात तर दीड लाख वाचले, त्यात पेट्रोल भरा आणि फिरा. मी हे केलं नाही, थेट लेथ आणली. म्हणूनच तुमचा प्रश्न बघून हात शिवशिवले.

माझ्याकडे 1988 ची यझदी रोडकिंग आहे. किक आणि गिअर एकाच दांडीवर. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, परत खाली आणली की गिअर. ज्याने चालवली नाही त्याला ही थाप वाटते. म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद झाला, त्यामुळे आज दुकानात 'ओरिजिनल' म्हणून हातात देतात ते कितपत ओरिजिनल असेल हे तुमचं तुम्ही ठरवा.

तर भोरकडून वरंधा घाट उतरत होतो. मागे आमचे साडू, त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीवर. खाली चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "अहो, तुमचं मागचं चाक पुढच्याशी बोलत नाहीये." घरी येऊन गाडी स्टँडवर लावली, मागचं चाक धरून आडवं हलवलं, तर स्विंग आर्ममध्ये, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यात, बोटाला कळेल इतका ढिलेपणा. मेकॅनिककडे नेली. त्याने तयार बुश (स्विंग आर्मच्या भोकात बसणारी नळी, जिच्यात पिन फिरते) हातोड्याने ठोकून बसवला. ठोकला की बुशाचं तोंड चेपतं, आणि टाइट बसल्यावर भोकही आवळतं. पिन जाईना म्हणून त्याने पॉलिशपेपर गुंडाळून आतून घासला. तोंडाशी सैल, मध्ये घट्ट. चार महिन्यांत चाक पुन्हा नाचायला लागलं. साडू म्हणाले, "दुसरा टाका, चाळीस रुपयांचा तर बुश." मी म्हटलं, आता मीच बनवणार.

भोसरीतल्या एका बंद होत असलेल्या शॉपमधून तीन फुटी, पट्ट्यावर चालणारी जुनी लेथ घेतली. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. टेम्पोतून उतरवायला चार माणसं, खाली पाइपांचे तुकडे घालून ढकलत आत. त्याच रात्री रंगबिंग पुसून, तेल देऊन पहिला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावला. दीडशे मिलीमीटर लांबीच्या बारवर एक कट मारला आणि मोजलं. एका टोकापेक्षा दुसरं टोक 60 मायक्रॉनने जाड (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). टूल बदललं, परत तेच. स्लाइडच्या गिब (सरकत्या भागातला ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) घट्ट केल्या, परत तेच. तीन महिने मी त्या शॉपवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो की बेड (लेथचा खालचा लांब पाया) झिजलेला माल गळ्यात मारला.

शेवटी आमच्या गल्लीतले एक काका आले. पिंपरीच्या एका कंपनीत आयुष्यभर टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, होते, आता सकाळी फिरायला जातात आणि लोकांच्या पार्किंगमध्ये डोकावतात. त्यांनी लेथला हातही लावला नाही. बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं आणि फरशीवर ओतलं. पाणी सरळ गेटकडच्या जाळीकडे पळालं. म्हणाले, "लेथ बघून घेतलीस, जमीन बघितलीस का?"

पार्किंगच्या फरशीला उतार असतो, पाणी जायला हवं म्हणून मुद्दाम दिलेला. त्यावर चार पाय बोल्टने आवळले की लोखंडाचा बेडसुद्धा पीळ खातो. डोळ्याला दिसत नाही, जॉबला दिसतो. काकांनी सांगितलं ते असं: चांगला जाड बार चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यात) धरायचा, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही, दोन्ही टोकांना एकेक कॉलर, म्हणजे जाड कडं, ठेवून मधला भाग बारीक करायचा. मग दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगने अगदी हलका कट मारायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचं. फरक आला की टेलस्टॉककडच्या एका पायाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) सारायची, परत कट, परत माप. बार बारीक घेतला तर तो स्वतःच टूलपासून दूर वाकतो आणि तुम्ही भलत्याच पायाखाली शिमा भरत बसता. मी आठ दिवस बसलो होतो.

यात पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. गाडी विटांवर. साडू दर रविवारी कुठून कुठून फोटो पाठवायचे: ताम्हिणी, पसरणी, एकदा थेट कोकणात. खाली एकच ओळ, "बुश झाला का?"

झाला. शेवटी एका दुपारी झाला. फॉस्फर ब्राँझचा बार वजनावर आणला, बाहेरचं माप स्विंग आर्मच्या भोकापेक्षा 40 मायक्रॉन जास्त ठेवलं, आतलं मुद्दाम कमी ठेवलं. रात्रभर बुश फ्रीझरमध्ये, मटारांच्या पिशवीशेजारी. 28 मिलीमीटरचा ब्राँझ बुश फ्रीझरच्या थंडीत 20 मायक्रॉनच्या आसपास आक्रसतो. फार नाही, पण तेवढ्याने सुरुवातीला सरळ शिरतो. (बायकोने विचारलं हे काय आहे, मी म्हटलं दोन तास उघडू नकोस. त्यावर जे उत्तर मिळालं ते इथे लिहीत नाही.) हातोडा अजिबात नाही. लांब बोल्ट, दोन्हीकडे जाड वॉशर, नट आवळत आवळत ओढून घेतला. बसल्यावर भोक आवळलं, ते रीमरने (भोक मापात कापणाऱ्या हत्याराने) मापावर आणलं. पिन तेल लावून बोटाने ढकलली तर गेली, सोडली तर पडली नाही. ती पिन सरकताना जो आवाज आला, त्यासाठी मी परत एवढे महिने घालवीन.

पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलो, डोणज्याला चहा घेतला, परत आलो. वळणावर गाडी आपल्याला हवी तिथेच जाते म्हणजे काय ते इतक्या वर्षांनी कळलं. आज सहा वर्षं तोच बुश आहे.

आता तुमच्या कामाचं. थ्री फेज कनेक्शनच्या मागे लागू नका. जुन्या लेथवर एक एचपीची थ्री फेज मोटर असेल तर ती बहुतेकदा स्टारमध्ये जोडलेली असते. तिची आतली जोडणी बदलून डेल्टा करून घ्या आणि व्हीएफडी लावा, म्हणजे घरच्या सिंगल फेजवरून मोटरला थ्री फेज देणारा डबा. वर स्पीड कमी-जास्त करायची सोय फुकट. व्हाइस आणि कानशी बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात बघा, मापाची हत्यारं मात्र तिथे घेऊ नका, ती नवीनच घ्या. ड्रिल बिट, टॅप (आटे पाडायचं हत्यार) वगैरे पुण्यातच बोहरी आळीत. बजेटचं म्हणाल तर मशीनइतकेच पैसे टूल, चक आणि मोजमापात जातात, तेव्हा दीड लाखाची लेथ घेऊन बसू नका.

राहिला आमच्या साडूंचा मुद्दा, की ज्याला चालवायची त्याने चालवावी, दुरुस्तीला माणसं आहेत. मला हे पटत नाही. गाडीचा आवाज बदलला की कुठे काय सैल झालंय ते हाताला आठवणं हा राइडचाच भाग आहे. नुसतं ॲक्सिलरेटर पिळणं म्हणजे राइड नव्हे, मग गाडी कितीही लाखांची असो. पण गाडी चौदा महिने विटांवर होती हे त्यांचं खरं आहे, म्हणून एक चालती गाडी शिल्लक ठेवा. मी ठेवली नव्हती.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: ॲक्सल, ब्रेक, हँडल यांतलं काहीही घरी बनवू नका. बारचं स्टील नक्की कुठलं हे माहीत नसताना त्यावर जीव टांगू नये. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, फुल शर्टाच्या बाह्या सोडायच्या नाहीत, चिप्स हाताने ओढायच्या नाहीत, आणि चकची किल्ली चकमध्ये ठेवून एक सेकंदही हात सोडायचा नाही. माझ्या पार्किंगच्या भिंतीला एक खळगा आहे, त्या किल्लीचा.

बाकी साडू हे वाचत असतील तर: तो बुश चाळीसचा नव्हता. 180 रुपयांचा होता. बिल आहे माझ्याकडे.