पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं आणि शून्य शुक्राणू

"टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषाचं हार्मोन ना? मग ते बाहेरून घेतल्यावर शुक्राणू वाढायला हवेत. शून्य कसे झाले?"

तिशीतल्या या तरुणाने दीड वर्ष कुणाच्या तरी सांगण्यावरून शरीर कमावण्यासाठी इंजेक्शनं घेतली होती. दंड भरले, पण वृषण लहान आणि मऊ झाले. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. मूल होत नाही म्हणून तपासण्या मात्र बायकोच्याच चालल्या होत्या. याचं मला फार वाईट वाटतं.

मी त्याच्यासमोर कागदावर आकृती काढली. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी. तिच्याकडून एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स वृषणांकडे जातात. एलएचमुळे तिथल्या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींना कामाला लावतं. इंजेक्शनमुळे रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर झालं की पिट्युटरी ही दोन्ही हार्मोन्स सोडणंच थांबवते. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. सुईतून आलेलं तेवढं पुरत नाही. वृषणाचा बहुतेक आकार शुक्राणू बनवणाऱ्या बारीक नलिकांचा असतो. त्यांचं काम थंडावलं की वृषण आक्रसतात.

1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासली होती, आठवड्याला 200 मिलिग्रॅम. हे ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "आता कायमचं असंच?"

बहुतेकांच्या बाबतीत नाही. एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात, त्याआधी पिट्युटरी जागी व्हावी लागते. म्हणून इंजेक्शनं थांबल्यावर सहा महिने ते वर्ष, काहींना दोन वर्षंही लागतात. किती काळ आणि किती डोस घेतला यावर बरंच अवलंबून असतं. काहींना औषधं लागतात, पण ती तज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यायची. दुकानातून स्वतः आणून घ्यायची नाहीत.

एक गोष्ट मी मुद्दाम आधीच सांगते. मधल्या काळात थकवा येतो, लैंगिक इच्छा कमी होते, मन उदास होतं. नेमकं तेव्हाच अनेकजण घाबरून पुन्हा सुई टोचून घेतात. त्यामुळे ही माहिती बायकोलाही हवी, असा मी आग्रह धरला. पुढच्या भेटीला दोघं आली. ती चिडलेली होती, आणि तिचं चिडणं रास्तच होतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शनं बंद झाली. आठव्या महिन्याच्या तपासणीत थोडे शुक्राणू दिसले. संख्या अजून कमीच आहे, उपचार चालू आहेत. बायकोच्या तपासण्या मात्र तूर्त थांबवल्या आहेत.