मेलेल्या माशांची वही

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सोबतचा ज्ञापनाचा मसुदा, बोधचिन्हाचे तीन नमुने आणि पुणे, मुंबई, नाशिक व कोल्हापूर येथील शोभिवंत मासे पाळणाऱ्यांच्या गटांनी एकाच संस्थेत यावे यासाठी तू केलेला पत्रव्यवहार मी वाचला. परंतु तुझा खरा प्रश्न सातव्या पानावर, जाता जाता लिहिल्यासारखा, दोनच ओळींत आला आहे. पहिल्या मेळाव्यासाठी तुम्ही मांडलेल्या ९० लिटरच्या टाकीतील ११ रमीनोज टेट्रा मासे तीन दिवसांत मेले, आणि संस्थेची नोंदणी होईपर्यंत ही गोष्ट बाहेर काढू नये असे तुझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. मोठ्या कामासाठी काही काळ गप्प बसावे काय, असे तू विचारतोस. आधी याच प्रश्नाचे उत्तर देतो. बोधचिन्हाबद्दल मला काहीही म्हणायचे नाही.

गप्प बसू नकोस. मेलेला मासा वहीत लिहायचा. हे वाक्य मी या पत्रात पुनःपुन्हा लिहिणार आहे, आणि त्याचा कंटाळा आला तरी पत्र शेवटपर्यंत वाच.

मी हे का म्हणतो ते तुला अर्धवट ठाऊक आहे. उरलेले अर्धे आजवर मी कोणाला नीट सांगितलेले नाही. १९९४ मध्ये आम्ही सात जणांनी सह्या करून अशीच एक संस्था काढली आणि मी तिचा चिटणीस झालो. दोन वर्षांनी नाताळच्या सुट्टीत आम्ही एका सभागृहात ६० टाक्यांचे प्रदर्शन भरवले. टाक्या दोन दिवस आधी भरल्या होत्या, फिल्टर कोरे होते, आणि पाणी आरशासारखे नितळ होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जीवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, हे मला चांगले ठाऊक होते, आणि तेही नुसते वाचून नव्हे. पाण्याचे नमुने तपासणे ही माझी नोकरीच होती. तरीही तारीख ठरलेली आहे, पत्रिका छापलेल्या आहेत, एवढ्या कारणाने मी मान डोलावली. दुसऱ्या रात्री मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले. सकाळपर्यंत ५२ मेले होते. आम्ही ते दोन बादल्यांत भरून मागच्या दाराने बाहेर नेले, दुकाने उघडताच कुर्ल्याच्या बाजारातून त्याच रंगाचे मासे आणून टाक्यांत सोडले, आणि दहा वाजता प्रेक्षकांसाठी दारे उघडली. इतिवृत्तात "प्रदर्शन यशस्वीरीत्या पार पडले" अशी नोंद आहे, आणि तिच्याखाली चिटणीस म्हणून माझी सही आहे.

त्या ५२ माशांपेक्षा ती सही मला अधिक टोचते, हे कदाचित माझ्या स्वभावाचेच वैगुण्य असेल. पण विचार करून पाहा. मासे अज्ञानाने मरतात, घाईने मरतात, वीज गेल्याने मरतात, कधी कधी काहीच न चुकताही मरतात. लपवणे मात्र एकाच कारणाने घडते. आम्ही जे लपवले त्यातून पुढच्या वर्षी कोणालाही काही शिकता आले नाही, आणि पुढच्या वर्षीही टाक्या दोनच दिवस आधी भरल्या गेल्या.

तुला एक विचित्र गोष्ट सांगतो. शोभिवंत माशांच्या व्यापारात मेलेल्या माशाचा हिशेब चोख असतो. पेटी उघडली की व्यापारी प्रत्येक पिशवीतील मेलेले मासे मोजतो, त्याला 'डीओए' (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे पोहोचतानाच मेलेला) म्हणतो, फोटो काढतो आणि बिलातून रक्कम वळती करून घेतो. त्याचे पैसे गुंतलेले असतात म्हणून तो मोजतो. आपण, जे स्वतःला माशांवर प्रेम करणारे म्हणवतो, ते मेलेला मासा जाळीने उचलून संडासात टाकतो, पाणी सोडतो, आणि रविवारी त्याच्या जागी दुसरा आणतो. ज्याला तुम्ही नैतिकतेच्या नावाखाली संस्थेबाहेर ठेवू पाहत आहात, तो दुकानदार या बाबतीत तुमच्यापेक्षा प्रामाणिक आहे. त्याला सभासद करून घ्या. फक्त त्याचीही वही सर्वांसमोर उघडी असली पाहिजे.

आता एकीचा प्रश्न. टाकीत पाणवनस्पती वाढवणाऱ्या प्लांटेड टँकवाल्यांना महागडे डिस्कस मासे पाळणारे डिस्कसवाले पैशाचे माजलेले वाटतात, डिस्कसवाल्यांना छोटे गप्पी मासे पाळणारे गप्पीवाले पोरकट वाटतात, समुद्री मासे पाळणारे मरीनवाले कोणाशी बोलतच नाहीत, आणि फ्लॉवरहॉर्न हा संकरित मासा ठेवणाऱ्याला सगळे मिळून नावे ठेवतात. हे तुझ्या पत्रातून मला नव्याने कळले असे समजू नकोस. (संस्थेचे नाव मात्र बदल. 'मत्स्यपालक संघ' म्हटले की लोक तळ्यासाठी अनुदान कसे मिळते ते विचारायला येतात; आमच्याकडे दर महिन्याला येत.) या सर्वांना आवडीच्या आधारावर एकत्र आणता येणार नाही, कारण आवडी निरनिराळ्याच आहेत. सर्वांच्या घरी सारखी घडणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे मासा मरणे. म्हणून सभासदत्वाची अट एकच ठेव. मेलेला मासा वहीत लिहायचा: जात कोणती, टाकी किती लिटरची, किती दिवस जगला, त्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट किती होते, आणि कारण काय. कारण समजले नसेल तर "समजले नाही" असे लिहायचे. त्याची लाज नाही.

तुझ्या मसुद्यात नैतिक मत्स्यपालनाची २३ कलमे आहेत. कोणता मासा ठेवावा, कोणता ठेवू नये, वाडगा चालेल की नाही. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. त्यांत वाडग्यात मासे ठेवण्यास आणि कृत्रिम रंग भरलेल्या माशांना मनाई होती, आणि जातींची लांबलचक यादीही होती. देशभर ओरड झाली, आणि पुढे ते नियम मागे घेतले गेले. त्या वेळी जल्लोष करणाऱ्यांत माझे जुने सहकारीही होते. मला त्या यादीचा पुळका नाही, पण त्या कायद्यात प्राणी म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव, आणि त्यात मासा येतो, एवढे तरी आपण ध्यानात ठेवायला हवे होते. सरकारने यादी लादली म्हणून चिडलेले लोक तुझी यादी आनंदाने स्वीकारतील, असे तुला कशावरून वाटते? वाडग्यावर भाषण करण्यापेक्षा वहीतील नोंद वाचून दाखव. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगू शकतो, आणि वहीत "वाडगा, ४ लिटर, ७० दिवस" असे पाच जणांच्या हस्ताक्षरात ओळीने लिहिलेले दिसले की वेगळ्या कलमाची गरज उरत नाही. सुईने रंग टोचलेल्या काचमाशाचे तेवढे कलम ठेव, कारण त्यावर चर्चा करावी अशी दुसरी बाजूच नाही.

वहीत आणखी दोन रकाने हवेत. एक, मासा पैदाशीचा की नदीतून पकडलेला. 'मिस केरळ' म्हणून विकला जाणारा लाल पट्ट्याचा मासा केरळ आणि कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या नद्यांखेरीज जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' असे नाव मिळाले. आपल्याच डोंगराचे नाव धारण करणारा हा मासा आज संकटग्रस्त गणला जातो, आणि त्यामागे आपल्यासारख्या शौकिनांसाठी होणारी पकड हे एक मोठे कारण आहे. दुसरा रकाना, मासा शेवटी कोणाला दिला. टाकी साफ करणारा म्हणून बोटाएवढा सकर मासा आणतात. तो फूटभर वाढला की पुण्य लागेल अशा समजुतीने नदीत सोडतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात हा काटेरी पाहुणा येऊ लागला तो आकाशातून पडलेला नाही. सोडलेला मासा हाही हिशेबात मेलेला धरायचा, कारण एक तर तो मरतो, नाही तर दुसऱ्यांना मारतो.

तुझे सहकारी तुला सांगतील की याच हट्टापायी मी आमची संस्था बुडवली. १९९९ च्या वार्षिक सभेत मी उठून ५२ हा आकडा वाचला आणि इतिवृत्त दुरुस्त करावे असा ठराव मांडला, हे खरे आहे. ठराव नऊ विरुद्ध एकतीस मतांनी पडला, दोन तट झाले, दोन्ही तटांनी आपापल्या कार्यकारिणीचे चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचे अहवाल, धर्मादाय आयुक्तांकडे दाखल केले, आणि पुढची सहा वर्षे कोणी माशांबद्दल बोललेच नाही. मी तीन वर्षे गप्प बसलो नसतो, दुसऱ्याच दिवशी बोललो असतो, तर लोकांनी ते पचवले असते असे मला वाटते. तीन वर्षांनी बोलणारा माणूस इतरांना न्यायाधीश वाटतो, आणि खरे सांगायचे तर मी त्या दिवशी थोडा न्यायाधीशासारखाच बोललो. माझ्या पत्नीने तेव्हाच सांगितले होते की आकडा सांगायचा होता, दोष वाटायचा नव्हता. पण आकडा सांगितला याचा मला आजही पश्चात्ताप नाही, आणि कोणी कितीही समजावले तरी होणार नाही.

तुझे मासे मरून अजून दोनच आठवडे झाले आहेत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात सह्या लागतात, महाराष्ट्रात त्यासोबत सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी करावी लागते, आणि ही कागदपत्रे आणखी महिनाभर थांबली तरी काही बिघडत नाही. दोनशे पानी साधी वही घे. पहिल्या पानावर तारीख घालून लिही: रमीनोज टेट्रा ११, टाकी ९० लिटर, फिल्टर नवा, पाणी दोन दिवसांचे, अमोनिया मोजला नाही, कारण आमची घाई. त्याखाली तुमच्या सातही जणांच्या सह्या घे. जो सही करणार नाही त्याच्याशी भांडू नकोस, आठवा शोध. माझ्याकडे १९९९ नंतरच्या चार वह्या आहेत. रविवारी चारनंतर ये आणि त्या घेऊन जा. तिसऱ्या वहीत डिस्कसची बरीच पाने आहेत, ती पाने पाहून हसू नकोस.

तुझा,
काका