नमुना काळा झाला, त्यात मुलीचं काय चुकलं?

हिंगोली जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते शिक्षक आहेत. मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. नीट दोनदा दिली, नंबर लागला नाही. तिसऱ्यांदा द्यायला ती तयार नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने गावातल्या पाण्याचे नमुने घेतले, दोन ठिकाणचे दूषित निघाले आणि तिने ते ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. सरपंच तिचे चुलतकाका. आता ती म्हणते, मला याच कामात जायचंय. वडील विचारतात : ‘हा नाद कसा सोडवावा? फारच हट्ट केला तर सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा करू देईन, इन्स्टिट्यूटवाले जिल्हा परिषदेत नोकरीची खात्री देतात, दहा हजार भरलेत. पण मुलगी गटारं तपासत फिरते असं पाहुण्यारावळ्यांत झालं तर तिचं पुढे कसं व्हायचं?’

सर, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. मुलीच्या गुणांवर त्यात दीड ओळ आहे आणि सरपंचांच्या नाराजीवर अख्खं एक पान. मला काळजी वाटली ती याचीच. तुमच्यापुढे करिअरचा प्रश्न नाहीच. भावकीत वाईटपणा आला, तो निस्तरायचा आहे, आणि त्यासाठी मुलीने विषय सोडावा असं तुम्हाला वाटतंय. हे मी स्पष्ट लिहितोय, कारण पत्रात एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय, ‘तिने काकांची माफी मागावी असं मी सांगितलं, ती दोन दिवस जेवली नाही.’ एकोणीस वर्षांच्या मुलीला खरं बोलल्याबद्दल माफी मागायला लावणं हा दबाव आहे. नीटचा तिसरा फॉर्म हा त्याच दबावाचा पुढचा हप्ता.

आता तिने केलं काय ते पाहू. पाण्यातले जंतू तपासायची एच-टू-एस चाचणीची छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ते काळं पडलं तर पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची शक्यता मोठी. तिच्या दोन बाटल्या काळ्या पडल्या. ती तिथे थांबली नाही. ग्रामपंचायतीत जाऊन टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं पाहिलं. ते तोंड उघडं, ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. ब्लीचिंग पावडर अशी ठेवली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग कितीही टाका, शेवटच्या नळाला ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का हे पाहायच्या चाचणीत, पिवळा रंग येत नाही. पाणी वाईट आहे एवढं कुणीही म्हणेल. ते का वाईट झालं हे शोधत पोत्यापर्यंत जाणारी मुलं मला वर्षानुवर्षं भेटत नाहीत. तुम्ही मात्र तिला ‘आगाऊ’ म्हणता.

‘गावाला हिरवं कार्ड आहे, मग पाणी खराब कसं?’ असंही तुम्ही विचारता. पाण्याला धोका कमी आहे असं सांगणारं ते कार्ड वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर होणाऱ्या सर्वेक्षणावर मिळतं. विहिरीभोवती घाण आहे का, पाइप गळतो का, टीसीएलचा साठा आहे का, असं त्यात पाहतात. एप्रिलमध्ये मिळालेलं कार्ड जुलैच्या पाण्याची हमी देत नाही.

हे काम हलकं वाटत असेल तर दोन गोष्टी आठवा. जुलै 2022 मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं, कॉलरा पसरला, माणसं दगावली. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशय पाण्याकडे वळला. तो जंतू शोधणं हा तुमच्या मुलीचाच विषय आहे. तिच्या विषयाला तुम्ही ‘नीट हुकलेल्यांची सोय’ म्हटलंय. तो शब्द तिच्यासमोर पुन्हा वापरू नका.

आता डिप्लोमाबद्दल, कारण इथे तुमची सरळ फसगत होतेय. स्वच्छता निरीक्षक हे पद असतं नगरपालिका, नगरपंचायती आणि महापालिकांत. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे त्या नावाचं पद नसतं. तिथे हेच काम वाटलेलं असतं : गावात जलसुरक्षक (पाण्याची देखभाल करणारा ग्रामपंचायतीचा माणूस) आणि ग्रामपंचायत अधिकारी, उपकेंद्रावर आरोग्य सेवक, प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक, वर तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. या पदांच्या अटी वेगळ्या असतात. आरोग्य पर्यवेक्षकासाठी, उदाहरणार्थ, विज्ञानाची पदवी आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याचा बारा महिन्यांचा अभ्यासक्रम मागतात. कुठल्या संस्थेचा डिप्लोमा त्याच्या बरोबरीचा धरायचा हे जाहिरात ठरवते, इन्स्टिट्यूटचा काउंटर नव्हे. आणि खात्रीचं म्हणाल, तर 2023 मध्ये जिल्हा परिषदांच्या 19,460 जागांची भरती निघाली, तिच्या परीक्षा पुढच्या वर्षापर्यंत रेंगाळल्या. सरकारी भरतीची खात्री देणारा माणूस खोटं बोलतोय, एवढं धरून चाला.

बाकीचे रस्ते थोडक्यात. पदवीनंतर एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केली तर जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि साथरोग सर्वेक्षणाकडे वाट जाते. मायक्रोबायोलॉजीच्या पदवीवर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षाही देता येते. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि पुणे विद्यापीठ आहे, पात्रता त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. माझं मत विचाराल तर तिने एम.एस्सी. करून मग एमपीएच करावं. प्रयोगशाळा आणि गाव, दोन्हीकडचं कळणारा माणूस जिल्ह्याला हवा असतो.

एक कडू गोष्टही ऐका. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात, पगार वेळेवर होईलच असं नाही, आणि गावोगाव वाईटपणा घ्यावा लागतो. नमुना दूषित आला की सरपंच फोन करतो, टँकरवाला फोन करतो, कधी आमदारांचा माणूसही करतो. हे तिला माहीत असलं पाहिजे. पैकी पहिला फोन तिने घरातच झेललाय आणि ती बधलेली नाही. त्यामुळे या कामाला ती टिकेल का, ही शंका मला नाही.

तुम्ही लग्नाचं लिहिलंय. त्यावर एवढंच, की पाण्याची तपासणी करते म्हणून जे स्थळ नाकारेल, ते गेलेलं बरं.

तुम्हाला करायचं ते असं. एच-टू-एसची चाचणी ही पहिली सूचना असते, शेवटचा निकाल नव्हे. तेव्हा तिला घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. त्या दोन ठिकाणचे नमुने निर्जंतुक बाटलीत, रीतसर, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचतील असे पाठवायची लेखी विनंती करा. अर्जावर तुमची सही असू द्या, तिची एकटीची नको. निकाल आला की तो सरपंचांना तुम्ही वाचून दाखवा. पावसाळ्यानंतरच्या सर्वेक्षणाला आरोग्य सेवकाबरोबर तिला फिरू द्याल का, हेही त्याच भेटीत विचारा. त्या दिवसांत तिला कामाची खरी चव कळेल, पुस्तकातून कळायची नाही.

नीटचा फॉर्म भरू नका. आणि इन्स्टिट्यूटचे दहा हजार आजच परत मागा, तोंडी नको, पावतीची झेरॉक्स जोडून लेखी.