वडिलांना ४७व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. मी ३८ वर्षांचा, कोथरूडला राहतो, त्रास काही नाही. तपासणी कधी करू?

आत्ताच. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार असेल तर सर्वसाधारण नियम असा: वय ४०, किंवा त्यांना आजार कळला त्या वयाच्या १० वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल ते. तुमचं ३७ येतं, म्हणजे वेळ होऊन गेली.

४५चा आकडा वाचला असेल, तर तो अमेरिकेतला आणि घरात कुणाला हा आजार नसलेल्यांसाठी आहे. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट टेस्टही मुख्यतः अशांसाठीच. तुम्ही गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टला (पोट-आतड्याच्या डॉक्टरांना) गाठून थेट कोलोनोस्कोपीचं, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघण्याचं, विचारा. हा कॅन्सर बहुतेकदा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या वाढीपासून, बरीच वर्षं घेऊन होतो आणि पॉलिप दिसला तर बहुधा तिथल्या तिथे काढता येतो. रिपोर्ट नॉर्मल आला तरी साधारण ५ वर्षांनी पुन्हा. खरा वैताग आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाचा. तपासणीच्या वेळी बहुतेक ठिकाणी झोपेचं इंजेक्शन देतात.

वडिलांच्या गाठीच्या नमुन्यावर एमएमआर तपासणी (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं आहेत का ते बघणारी) झाली होती का, फाइलमध्ये बघा. पन्नाशीआधीचा आजार म्हटल्यावर लिंच सिंड्रोमची, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, शंका घ्यावीच लागते. तो निघाला तर कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी.

भावंडं असतील तर त्यांनाही हेच लागू. आणि मध्येच रक्त दिसलं तर 'मूळव्याध असेल' म्हणून पेठेतल्या कुणाच्या पुड्या घेत बसू नका.