जत्रेतल्या पाळण्यावर कामाला जाणं कसं असतं?

धाकटा भाऊ दिवाळीनंतर आकाशपाळणावाल्यांबरोबर जायचं म्हणतोय, पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, नऊ सीझन पाळण्यावर काढलेत, त्यामुळं जे बघितलंय तेच सांगतो.

सीझन मे पर्यंत चालतो. सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर, माघात चिंचलीला मायाक्का, मधेमधे गावोगावचे उरूस नि लक्ष्मीच्या जत्रा. पावसाळ्यात सामान मालकाच्या शेडात आणि आम्ही घरी भाताची रोपं लावायला. लोकांना वाटतं तिकीट घ्यायचं नि बटण दाबायचं, पण जत्रा उठली की त्याच रात्री सगळं लोखंड उतरवून ट्रक भरायचा असतो, झोप काय ती सामानावरच.

मला मनापासून आवडतं ते पाळण्याचे डबे माणसांनी भरणं. ओळीनं भरत गेलं तर एक बाजू जड होते आणि ब्रेक लावला तरी चाक सरकतं, म्हणून एक डबा भरला की अर्धा फेरा फिरवून समोरचा भरायचा, इकडं दोन थोराड गडी बसले तर तिकडं एखादी आई नि तिची तीन पोरं, असा नजरेनंच अंदाज घ्यायचा आणि प्रत्येक कडी स्वतःच्या हातानं ओढून बघायची. तोंडानं एकीकडं "नीट बसा काकी", दुसरीकडं "गट्टि हिडकोळ्री अक्का", म्हणजे घट्ट धरा अक्का. आमच्या भागात मराठी नि कन्नड दोन्ही भाषा पाहिजेतच, कारण वर घाबरलेलं माणूस आपल्याच भाषेत ओरडतंय आणि ते खाली ब्रेकवरच्याला कळायला पाहिजे. चिंचलीला तर भंडारा एवढा उधळतात की ग्रीसला पिवळा थर बसतो, रोज सकाळी बेअरिंग पुसून नवं ग्रीस भरायचं, मग एकेक नटबोल्ट पान्यानं तपासायचा.

आता वाईट बाजू. पहिल्या मालकाकडं मी मोठी उचल, म्हणजे पगाराचे आगाऊ पैसे, घेतली होती. एका उरुसात वळवाचा वारा सुटला, वरचे डबे हेलकावे खायला लागले, मी म्हटलं उतरवूया, तर तो म्हणाला गर्दी हाय तोवर चालू दे. मी ऐकलं नाही. घाईनं एकाच बाजूचे उतरवूनही चालत नाही, समोरासमोरचेच डबे खाली घेत सगळ्यांना उतरवलं, वरून एक बाई सारखी "इळसरी, इळसरी", म्हणजे उतरवा, उतरवा, म्हणत होती ते अजून कानात हाय. रात्री शिव्या खाल्ल्या, आणि उचल फिटली नव्हती म्हणून काम सोडताही येईना, राहिलेला सीझन तिथंच काढला.

म्हणून भावाला पाठवा, पण उचल घेऊ देऊ नका, हिशेब महिन्याच्या महिन्याला घ्यायला सांगा. आणि मालकाला आधीच विचारा, वारा सुटला तर पाळणा थांबवायचा कुणी? आमचा आत्ताचा मालक म्हणतो, ब्रेकवर असेल त्यानं. माघात आम्ही चिंचलीला असतो, भावाला घेऊन या, एक रात्र माझ्याबरोबर ब्रेकजवळ उभा राहू दे.